भाजी बसल्यावर मीठ

घरी ताटात माठ किंवा मेथी पडली की माझी मुलगी आईकडे बघते आणि म्हणते, "आता बाबा सुरू होणार." मग मी मुद्दाम गप्प बसतो. दोन घास बसतो. तिसऱ्याला सुरू होतो.

माझा नाइलाज आहे. कँटीनमध्ये रोज तीनशे माणसं एकाच मिनिटाला भुकेली होतात, आणि तुमच्या हातात वाढायचा डाव असतो. हे आठ-नऊ वर्षं रोज झालं की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आता तुम्हीच विषय काढलात, तर ऐका.

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे, स्विच आणि फ्यूज बनवणारी एक कंपनी होती. संपात माझी गिरणी बंद पडली ती पडलीच. वर्षभर घरी बसून काढल्यावर दहिसरच्या आमच्या चाळीतल्या एकाने मला या कंपनीच्या कँटीनमध्ये चिकटवलं.

मुख्य आचारी सावंतमामा. कुडाळकडचे, पंचावन्न ओलांडलेले, अंगात बनियन आणि खांद्यावर पंचा. निवडणं, धुणं, चिरणं कलाबाईंकडे. कलाबाई कांबळे मूळच्या सांगलीकडच्या, राहायला वाकोल्याला, बौद्ध वस्तीत. कमी बोलायच्या. कँटीनवर ऑफिसर म्हणून डिसोझासाहेब, ज्यांना अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि ते तसं कबूलही करायचे. आणि मी, वसंत परब, भाजीवर.

आमच्याकडे एक कडक नियम होता. कंपनीच्या डॉक्टरने कामगारांना अशक्तपणा आहे असं सांगितल्यावर युनियनने भांडून करारात लिहून घेतलं होतं : सोमवार, बुधवार, शुक्रवार ताटात पालेभाजी हवीच. भात कमी पडला तर लोक ऐकून घ्यायचे. पाला नसला तर भांडण ठरलेलं. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस आमचे डोळे भाजीच्या टेम्पोकडे लागलेले असायचे.

*

पहिल्याच दिवसाचं सांगतो. मला भाजी येते असं मी मामांना सांगून बसलो होतो. येत होती, पण खायला.

शंभर जुड्या लाल माठ. कलाबाईंनी निवडून, धुऊन, चिरून मोठ्या टोपात भरला होता. टोपाच्या वर आणखी हातभर डोंगर. मी लसूण-मिरचीची फोडणी दिली, डोंगराकडे बघितलं आणि डोंगराच्या मापाने मीठ घातलं. तीन ओंजळी.

दहा मिनिटांनी झाकण काढलं तर डोंगर गायब. टोपाच्या तळाशी वीतभर भाजी आणि लाल पाणी. चाखली. समुद्राचं पाणी परवडलं असतं.

घड्याळात अकरा वीस. बाराला सायरन. मामा भाताच्या भट्टीवर, पाठ माझ्याकडे. सकाळी निघताना बायकोने हातावर दही ठेवलं होतं. वर्षभराने नवरा कामाला निघालेला, म्हणून ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली होती. आता काढून टाकलं तर दुपारी दोनलाच घरी जाऊन तिला काय तोंड दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

कलाबाईंनी माझा चेहरा बघितला, मग मिठाची बरणी बघितली.  मागच्या दाराशी कोशिंबिरीच्या मुळ्यांचा पाला पडला होता, आरेच्या तबेल्यात द्यायला ठेवलेला, दोन पाट्या भरून. त्यांनी तो आत ओढला, धुतला आणि विळी माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "चिरा."

दोघांनी चिरला. दुसऱ्या टोपात बिनमिठाचा वाफवला आणि माठात मिसळला. अकरा पंचावन्नला मामा आले. तळहातावर भाजी घेतली, बराच वेळ चावली.

"माठात मुळो कोणी घातल्यान?"

"मी," कलाबाई म्हणाल्या.

मामा माझ्याकडे वळले. मीठ कधी घातलंस, विचारलं. मी सांगितलं, टोप भरलेला असताना. त्यांनी पंच्याला हात पुसले.

"भाजी बसल्यावर मीठ घालायचं. उभ्या भाजीचं माप कोणाला कळत नाही. बस, जेवून घे."

मला वाटलं सुटलो. पण मामांचा माणसांनाही तोच नियम होता. मी बसून जेवलो, ताट धुतलं, आणि मग त्यांनी मला अर्धा तास मालवणीत शिव्या घातल्या. एकही वाया गेली नाही. मीही तिकडचाच.

*

दुसरा किस्सा खड्याचा.

युनियनचे सेक्रेटरी घाडगे, आवाजाचा माणूस. एका बुधवारी ते ताट घेऊन तडक स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. मागे एक कामगार जबडा धरून. घाडग्यांनी ताट आपटलं, आणि पालकातून निघालेला खडा स्टीलवर वाजला. तीनशे माणसं जेवायची थांबली. तेवढी माणसं एकदम गप्प झाली की पंख्याचा आवाज सुद्धा अंगावर येतो.

"भाजी कोण धुतं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. डिसोझासाहेबांनी कलाबाईंकडे बघितलं. घाडगे म्हणाले, बाईंना आत्ता घरी पाठवा, नाहीतर ताटं इथेच ठेवून आम्ही बाहेर जातो. साहेब घाबरले. कलाबाईंना म्हणाले, आजच्या दिवस तुम्ही जा, मग बघू. तात्पुरत्या कामावरच्या बाईला 'मग बघू' म्हणजे काय, ते आम्हाला कळत होतं.

कलाबाईंनी पदर खोचला. "जाते. आधी धुऊन दाखवते."

त्यांनी दुसऱ्या पाळीचा पालक उचलला, पांढरं एनॅमलचं मोठं घमेलं घेतलं आणि हॉलच्या मधल्या टेबलावर ठेवलं. पावसाचे दिवस, पाल्याला चिखल भरपूर. पहिलं पाणी चहासारखं निघालं. त्यांनी सगळ्यांना दिसेल असं ओतलं. दुसरं, तिसरं. कोणी जेवत नव्हतं, कोणी उठतही नव्हतं. सातव्या पाण्याला घमेल्याचा तळ स्वच्छ दिसायला लागला. त्या पाण्यात त्यांनी पेला बुडवून भरला, ट्यूबलाइटसमोर धरला आणि अर्धा पिऊन टाकला. उरलेला घाडग्यांसमोर ठेवला.

"रोज एवढंच धुते. आता खडा कुठून आला ते तुम्ही शोधा. मला पण बघायचाय."

तेवढ्यात मामांनी काय केलं, मिठाची बरणी आणून काळ्या तव्यावर उपडी केली. सकाळीच नवं पोतं फोडलेलं. जाड्या मिठात बोटं फिरवत गेले आणि एकेक करून चार पांढरे खडे बाजूला काढले. मिठात मीठ दिसणारे. ते त्यांनी पेल्याशेजारी ओळीने मांडले.

घाडगे माणूस सरळ. त्यांनी माफी मागितली. कलाबाईंकडे बघायचं धाडस झालं नाही, तव्याकडे बघत मागितली, पण सगळ्यांसमोर मागितली.

आणि त्या दिवसापासून ते पाणी प्यायला मागच्या दाराने आमच्या मोरीवर यायला लागले. म्हणायचे, हॉलमधल्या नळापेक्षा इथलं पाणी चांगलं आहे. दोन्ही नळ एकाच टाकीचे.

*

आता टाकळ्याचं सांगतो, पावसाळ्यात उगवणाऱ्या रानभाजीचं. 

ऑगस्टमधली गोष्ट. दोन दिवस पाऊस ओततोय, रस्ते तुंबलेले, भाजीचा टेम्पो आलाच नाही. उद्या शुक्रवार. डिसोझासाहेब म्हणाले, बटाटा करा. पण नव्या कराराची बोलणी चालू होती, दोन्ही बाजू तापलेल्या, कामगारांना बाहेर पडायला निमित्तच हवं होतं. मामा म्हणाले, पाला मी आणतो.

सकाळी सहाला चार पोती घेऊन मामा आणि मी आरे कॉलनीत. आमच्या गेटबाहेर रानभाज्या विकायला बसणारी लखमी नावाची वारली बाई मामांच्या ओळखीची होती. तिच्या पाड्यावर गेलो. ती आणि तिच्या दोन जावा आमच्याबरोबर निघाल्या. टाकळा मी गावाला लहानपणी भरपूर खाल्लेला, त्यामुळे मला कोणी शिकवायची गरज नाही असं मीच ठरवलं. तबेल्यांच्या रस्त्याला एक दाट पट्टा सापडला. मी भराभर खुडत गेलो, पोतं भरलं की सगळ्यांच्या पोत्यांत थोडं थोडं ओतायचो आणि पुन्हा भरायचो. मामा एकदा म्हणालेसुद्धा, झकास हात चालतोय तुझा.

नऊच्या सुमारास लखमीने सहज माझ्या पोत्यात हात घातला. एक डहाळी काढली, चुरगळून वास घेतला आणि अख्खं पोतं चिखलात पालथं केलं.

मी ओरडलो. तिने दोन पानं माझ्या तळहातावर ठेवली. एकाचं टोक गोल, दुसऱ्याचं टोकदार.

"गोल तो टाकळा. टोकाचा तो त्याचा सावत्र भाऊ. आमच्या पाड्यातलं एक पोर गेलंय ह्यानं."

आणि माझी टोकदार पानं चारही पोत्यांत वाटली गेली होती.

तबेल्याच्या पडवीत आम्ही पाच जण बसलो आणि पान न् पान बघायला लागलो. मामा प्रत्येक पान उजेडात धरून दोनदा बघत होते.  साडेदहाला पोती घेऊन कंपनीत आलो. लखमीही आली, पाला निवडणं तिला आमच्यावर सोडवेना. कलाबाईंनी गोष्ट ऐकली आणि सगळा पाला पुन्हा जमिनीवर ओतला. पुन्हा एकदा पान न् पान. इतकं करून त्यांना एक टोकदार पान सापडलं. एकच. ते त्यांनी उचलून माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं.

टाकळा आणि भिजवलेली चणाडाळ, वर खोबरं. साडेअकराला भाजी तयार झाली, पण वाढायचा धीर कुणाला होईना. शेवटी मामा म्हणाले, "आधी आपण." चौघांनी खाल्ली, पोटभर. आणि एकमेकांची तोंडं बघत बसलो. विष अर्ध्या तासात कळतं का, कुणास ठाऊक. लखमी तेवढी शांत होती. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

बाराला सायरन झाला. वाढली. कुणाला काही झालं नाही. उलट घाडग्यांनी विचारलं, ही भाजी कुठली, पुन्हा करा.

संध्याकाळी डिसोझासाहेबांनी बोलावलं. त्यांनी खिडकीतून बघितलं होतं. कामगारांच्या आधी जेवल्याबद्दल मामा, कलाबाई आणि मी, तिघांना मेमो मिळाला. आम्ही गुपचूप सह्या केल्या. खरं कारण सांगण्यापेक्षा तो मेमो बरा होता.

*

त्यानंतर पुढल्या साली मामा तापाने आजारी पडले. तीन आठवडे अंथरुणावर होते. उठून आले तेव्हा वाळले होते, पण हात तोच. महिनाभराने बोलणी पुन्हा अडली, आणि युनियन आणि मॅनेजमेंटचं जेवण वरच्या मीटिंग हॉलमध्ये पाठवायचा हुकूम आला. बेत अळूच्या पातळ भाजीचा.

अळूला चिंच नीट पडली नाही तर घसा खाजतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी चिंचेचा कोळ ओतत होतो. मामांनी तळहातावर थेंब घेऊन चाटला आणि माझा हात धरला. आंबट झाली, पुरे, म्हणाले. मला वाटलं होतं अजून निम्मा कोळ जायला हवा. पण मामांच्या जिभेपुढे माझी काय पत?

ट्रॉली वर गेली. मी भांड्याला लागलेलं चाटलं, आणि पाच मिनिटांत माझ्या घशात सुया टोचायला लागल्या. बाजूला मामा खोकत होते.

वाट लागली. काय करावं सुचेना. समोर ताकाची बादली होती, ती उचलली आणि जिना चढलो.

हॉलमध्ये बारा माणसं समोरासमोर आणि सगळी आपापला गळा धरून. मॅनेजरांचे डोळे पाणावलेले. मॅनेजमेंटला वाटत होतं, कँटीनचे लोक युनियनचे, मुद्दाम केलं. युनियनला वाटत होतं, साहेबांनी करवलं. घाडगे मला काहीतरी विचारत होते, पण आवाजच फुटत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या हातात बादली. आता ताक आधी कुणाला द्यायचं? साहेबांना दिलं तर मी मॅनेजमेंटचा, घाडग्यांना दिलं तर युनियनचा. चार पावलं मी टेबलापर्यंत चाललो, ती अजून आठवतात.

मी बादली टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवली आणि मागे सरलो. पेले दोन्ही बाजूंनी एकदमच बुडाले.

त्या दिवशी सुटताना गेटवर घोषणा झाल्या नाहीत. घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांपैकी घसाच नव्हता कुणाला. बाहेर उभ्या असलेल्या कामगारांना वाटलं, करार झाला, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. करार व्हायला आणखी महिना लागला.

*

अळूच्या दिवसापासून मी मामांवर लक्ष ठेवायला लागलो. आणि मला एक गोष्ट दिसली. मामा भाजी चाखायचे आणि क्षणभर थांबायचे. त्याच वेळी मोरीवर पाठमोऱ्या बसलेल्या कलाबाई घमेल्यावर डाव आपटायच्या. एकदा आपटला की मामा मीठ घालायचे. दोनदा आपटला की झाकण ठेवायचे. टोपाजवळून जाताना त्या आधीच चाखून गेलेल्या असायच्या.

मी कुणाला बोललो नाही. मामांनाही नाही.

एके दिवशी कलाबाई रजेवर होत्या, मुलाच्या शाळेत जायचं होतं. शेपू होता. मामांनी मला भातावर पाठवलं आणि मीठ स्वतः घातलं. सव्वाबाराला डिसोझासाहेबांनी मामांना हॉलमध्ये बोलावलं. भाजीबद्दल तक्रार आली होती. साहेबांना वाटलं, मामांनाच चाखू द्यावी. त्यांनी लोकांसमोर चमचा पुढे केला. "मामा, काय बिघडलंय ते तुम्हीच सांगा."

मी खिडकीतून बघत होतो. मोरी रिकामी, डाव वाजवणारं कोणी नाही. मामांनी चमचा तोंडात घातला आणि चावत राहिले. चावता चावता त्यांची नजर टेबलांवरून फिरली. मिठाच्या वाट्या भरलेल्या, कुणी हात लावला नव्हता. पाण्याचे जग मात्र सगळे रिकामे.

"मीठ जास्त पडलंय साहेब. माझी चूक," मामा म्हणाले.

साहेब म्हणाले, मामांची जीभ म्हणजे जीभ.

मामा आत आले आणि पोत्यावर बसले. मी पाणी दिलं. पेला खाली ठेवून म्हणाले,

"माका चव कळना नाय रे. त्या तापापासून. मीठ नाय, आंबट नाय. नुसता गरम तेवढा कळता."

मी म्हटलं, मला माहीत आहे, आणि कुणाला कळणार नाही. रिटायर व्हायला दीडच वर्ष राहिलं होतं, निघून गेलं असतं. मामा मान हलवत राहिले. त्यांचं म्हणणं असं की पाण्याचे जग रिकामे झालेले बघून चव कळते खरी, पण तोवर तीनशे ताटं बिघडलेली असतात. मग उपयोग काय?

महिन्याभरात त्यांनी स्वतःहून अर्ज दिला. डिसोझासाहेबांनी विचारलं, भट्टीवर कोण उभं राहणार? मामांनी कलाबाईंचं नाव सांगितलं. साहेब कचरले, ती धुण्या-निवडण्याची बाई, म्हणाले. आमच्यासोबतच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांनी आपला पाण्याचा तांब्या कलाबाईंपासून वेगळा ठेवला होता, ते हे मामा. ते साहेबांना म्हणाले, "वर्षभर तुम्ही तिच्याच चवीचं जेवताय. आजवर कळलं नाही ना? मग झालं तर."

*

कलाबाई भट्टीवर आल्या, मी भात-आमटीवर गेलो. पहिला सोमवार, मेथी.

मशीन शॉपमध्ये दळवी नावाचे जुने फिटर होते. हातात कला, सगळे मान द्यायचे. मामा असताना पालेभाजी दोनदा मागून घ्यायचे. त्या दिवशी भाजीचा डाव ताटावर आला तसं त्यांनी ताट मागे घेतलं. म्हणाले, पाला मानवत नाही. त्यांच्या मागच्या आठ जणांनाही मानवला नाही. बुधवारी वीस जणांना मानवला नाही. शुक्रवारी त्याहून जास्त.

न मानवण्याचं कारण कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, घाडग्यांना सांगतो, सभेत विषय काढतो, एकेकाचं नाव घेतो. कलाबाई उरलेली भाजी काढून ठेवत होत्या.

"तुम्ही भांडलात तर खातील, परब. पण माझ्याकडे बघत खातील. मला तसं नको."

काही महिन्यांत एकेक जण परत आला. मेथीचा वास रोज नाकासमोरून जाऊ देणं सोपं नसतं. दळवी मात्र आले नाहीत. तीन दिवस नुसता आमटी-भात खायचे आणि भट्टीकडे मान वळवायचे नाहीत. असं दीड वर्ष चाललं.

मग हिवाळ्यात कळलं, त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. मुलगी लग्न होऊन नागपूरला, घरी दुसरं कोणी नाही. बायको अंथरुणावर, आणि रांधायचं दळव्यांनी. ते रजेवर गेले, रजा संपली, परत आले. दाढी वाढलेली.

एका बुधवारी साडेअकराला ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मला वाटलं तक्रार असेल. माझा डाव हातातच राहिला. त्यांनी चपला बाहेर काढल्या. आमच्या त्या ओल्या फरशीवर कोणी कधी चपला काढून येत नसे.

ते माझ्याशीच बोलले. बायको चार दिवस नीट जेवत नाही, डॉक्टरने पालेभाजी सांगितली आहे, मी करतो ती तोंडात घेते आणि काढून टाकते. मी म्हटलं, डबा भरून देतो, रोज न्या. त्यांनी मान हलवली. डबा कामाच्या दिवशी मिळेल, म्हणाले, रविवारी काय, आणि पुढे किती वर्षं हे चालेल?

मग ते कलाबाईंकडे वळले. इतक्या दिवसांत या माणसाने त्यांना हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"बाई, मला ही भाजी शिकवाल?"

 कलाबाईंनी लगेच मागे बघितलं नाही. आच कमी केली, टोपावर झाकण ठेवलं. खरं सांगतो, त्यांनी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. त्यांचा हक्क होता. दळवी खाली मान घालून उभे होते, त्यांनाही तेच अपेक्षित असावं.

कलाबाईंनी मेथीची एक जुडी उचलली, पाणी झटकलं आणि आपल्या शेजारी एक गोणपाट पसरलं.

"बसा. आधी निवडायला शिका."

दळवी कंपनीच्या निळ्या ड्रेसमध्ये फरशीवर मांडी घालून बसले. वाढायच्या खिडकीसमोरच ती जागा होती. बाराला सायरन झाला, तीनशे माणूस रांगेत आलं, आणि प्रत्येकाला ताट घेताना ते दिसत होते. दळव्यांनी वर बघितलं नाही. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा फिटर, पण मेथीची पानं त्यांच्या हातात फाटत होती. रांगेत कोणीतरी हसला. घाडग्यांनी त्याच्याकडे फक्त बघितलं. मग रांग पुढे सरकली. त्या दिवशी मी एकट्याने वाढलं.

अर्ध्या तासाने कलाबाई वाकल्या, दळव्यांच्या ढिगातली एक काडी उचलली आणि उजेडात धरली.

"देठ एवढा ठेवू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना चावायला त्रास होईल."